कोरड्या हातांच्या सह्या

"यंदा नदीवर लिहा," असा या अंकाच्या संपादकांचा फोन गेली अनेक वर्षं आषाढ संपता संपता येतो. मी लिहितोही. एका वर्षी घाटावर हरवलेल्या कवळीचा किस्सा लिहिला, एका वर्षी म्हशींचा. पेठेत दोघा-तिघांनी रस्त्यात थांबवून "वाचलं, वाईट नाही," असं सांगितलं. पुण्यात याहून मोठी दाद मिळत नाही. पण दर वेळी एक गोष्ट मी बाजूला ठेवत आलो. खरं म्हणजे ती बाजूला ठेवता यावी म्हणूनच बाकीचे किस्से पुढे करत आलो. आता मला एक्याऐंशीवं लागलं आहे आणि ज्या माणसापुढे ती सांगायला हवी होती, तो गेल्या माघात गेला. म्हणून यंदा तीच सांगतो.

मी नदी मोजायचं काम करत असे. लोकांना वाटतं, नदी मोजायची म्हणजे लांबी. लांबी नकाशावरूनही कळते. आम्ही मोजायचो ती नदीची कूस. पाण्याखाली तळ कसा आहे, कुठे उथळ, कुठे खोल, कुठे खडक, कुठे गाळ. ते कळलं की मोठा पाऊस झाल्यावर पाणी कुठवर चढेल याचा हिशेब मांडता येतो. नारायण पेठेत जन्मलेल्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही. एकसष्टच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते आमच्या गल्लीत अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात, आणि दर वर्षी तो हात थोडा वर जातो.

काम करायची पद्धत साधी होती. या काठापासून त्या काठापर्यंत एक तारेचा दोर ताणायचा. त्याला दर पाच मीटरवर रंगीत चिंधी बांधलेली. होडी त्या दोराला धरून चिंधीपाशी न्यायची आणि तिथे खोली घ्यायची. उथळ पाण्यात पट्टे रंगवलेला बांबू, खोल पाण्यात दोरीला बांधलेलं शिशाचं वजन. त्याला आम्ही ओळंबा म्हणायचो. ओळंब्याच्या दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. वजन तळाला टेकलं की होडीवाला गाठी मोजून खोली मीटर-सेंटिमीटरमध्ये मोठ्याने सांगणार. मी वहीत लिहिण्याआधी तोच आकडा मोठ्याने परत म्हणणार. मग त्याने "बरं" म्हणायचं. ते "बरं" कानावर आल्याशिवाय पेन कागदाला लावायचं नाही. वारा असतो, पाण्याचा आवाज असतो, सातचं साठ व्हायला वेळ लागत नाही. हा नियम खात्याच्या कुठल्या पुस्तकात नव्हता. तो दौलतदादांचा होता.

दौलतदादा मांजरीचे. पिढ्यान्पिढ्या नदीवर मासेमारी करणारं भोयांचं घर. खात्याने त्यांना रोजंदारीवर घेतलं होतं, आणि माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे असूनही ते मला साहेब म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांचा आकडा ऐकून गपचूप लिहायला लागलो, तर त्यांनी वल्हं आडवं मांडीवर घेतलं आणि होडी थांबवली.

"साहेब, म्या काय म्हनलो?"

"दोन चाळीस."

"मंग म्हना की तसं. माझा शबुद माझ्याकडं माघारी आला, तरच त्यो तुमाला पोचला."

मी म्हटलं, "दोन चाळीस."

"बरं. आता लिवा."

संगमापासून मांजरीच्या खालपर्यंतचा नदीचा पट्टा आम्ही सहा हिवाळे मोजला. तेव्हाचं पुणं तसं लहानच म्हणायचं. नदीतून पाहिलं तर आणखी लहान दिसे, कारण होडीतून शहराची फक्त पाठ दिसते. मोऱ्या, मागची दारं, वाळत घातलेली लुगडी, देवळांच्या पायऱ्या. समोरून ताठ असलेली माणसं मागच्या दारी निवांत दात घासत बसलेली असत. ओंकारेश्वराच्या बाजूला एक गृहस्थ रोज पायरीवर उभे राहून आमच्याकडे बघायचे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय हो, सापडली का नदी?"

"सापडली," मी म्हटलं.

"मग थोडी आमच्याकडेही सोडा. दोन दिवस नळाला पाणी नाही."

मुंढव्याच्या पुढे नदीचं वागणं बदलायचं आणि माणसांचंही. तिथे काठाला उसाची शेतं लागत. आम्ही दिसलो की शेतकऱ्यांना वाटायचं, नदीतल्या मोटारी मोजायला आलो. एक म्हातारबाबा तर आम्ही दोर ताणत असताना कमरेएवढ्या पाण्यात उतरून पंपाच्या पाइपासमोर पाठ करून उभे राहिले. "हितं काय न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या मागे पाइप धडधडत होता. दौलतदादांनी गंभीरपणे विचारलं, "बाबा, तुमच्या पोटात लई गुरगुरतंय. काय खाल्लं?" बाबा स्वतःच हसायला लागले आणि आम्हाला रस प्यायला घेऊन गेले. त्या भागात काही वळणांवर आमची होडी शिरत नसे. तेव्हा दौलतदादा गुऱ्हाळातली जुनी काहील आणायचे, गूळ शिजवायची ती मोठी पसरट कढई. ती पाण्यावर गरगर फिरते. तिच्यात तोल सांभाळून वही लिहायला मी पूर्ण एक हिवाळा शिकलो.

त्या सकाळींची मला आज सर्वांत जास्त आठवण येते. थंडीत पाण्यावरून वाफ निघायची आणि पलीकडचा काठ दिसायचा नाही. ताणलेला दोर धुक्यात शिरलेला असायचा. तो धरून आपण पुढे जायचं आणि एकेक चिंधी उगवत यायची. खंड्या पक्षी दोरावर बसलेला असे. तो शेवटच्या क्षणी उडायचा. माझ्याकडे घर होतं, संसार होता, पुढे मोठी खुर्चीही आली, पण "तीन दहा", "तीन दहा", "बरं" या तीन आवाजांत जेवढा मी जागेवर होतो, तेवढा नंतर कुठेच नव्हतो.

दुपारी वाळूच्या बेटावर आम्ही जेवायचो. दौलतदादांची भाकरी आणि झिंग्यांची चटणी, माझी पोळी आणि बटाट्याची भाजी. चटणी मला घरी सांगण्यासारखी नव्हती, म्हणून ती जास्तच चवदार लागायची. खात्याच्या वहीत प्रत्येक पानाखाली "खोली सांगणार" अशी ओळ असे आणि तिथे ते अंगठा उठवायचे. एका दुपारी मला म्हणाले, "साहेब, हात पुसूस्तवर पानी अंगठ्याची रेघ धुऊन नेतंय. नाव लिवाया शिकवा."

ओल्या वाळूवर काडीने मी "दौलत" लिहून दाखवलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मग माझ्यापेक्षा वेगळीच रीत काढली. आधी वरची रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणून. मग तिच्याखाली एकेक अक्षर सोडलं. "ह्यो आपला दोर," ते म्हणाले, "आन् हे ओळंबे." पंधरा दिवसांत सही बसली. आयुष्यभर त्यांनी रेघ आधी आणि अक्षरं नंतर, अशीच सही केली असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्याबद्दल शेवटी सांगेन. आकडे मात्र त्यांना वाचता येत नसत. गाठी बोटांनी मोजायच्या, आकडा तोंडाने सांगायचा. कागदावरचा पाच आणि सहा त्यांना सारखाच.

सही शिकल्यावर एक नवी अडचण आली. पाण्यावर हात ओले. सही केली की शाई पसरायची, आणि एवढ्या कष्टाने कमावलेलं नाव फिसकटलेलं त्यांना बघवायचं नाही. म्हणून त्यांनीच तोड काढली. सकाळी होडीत पाय ठेवण्याआधी, कोरड्या हातांनी, त्या दिवशी लागतील तेवढ्या पानांवर ते सह्या करून ठेवत. आकडे दिवसभर त्यांच्या सहीच्या वर भरत जायचे. नियमाला धरून नव्हतं हे. पण आमच्यात कधी काही वावगं झालं नाही, म्हणून मी चालू दिलं.

सहाव्या हिवाळ्यात काम संपत आलं होतं. मांजरीच्या खालचे तीन दोर तेवढे राहिले होते. मला वरच्या कचेरीत, आराखड्याच्या विभागात जागा मिळणार असं बोललं जात होतं, आणि माझ्या वरच्या साहेबांनी वह्या सोमवारी टेबलावर हव्यात असं सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी आम्ही काठावर पोचलो. दौलतदादांनी धोतराला हात पुसून तीन पानांवर सह्या केल्या. वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "आज दोरीच घ्या जादा. फुडं म्हसोबाचा डोह हाय. माझ्या बापानं मला पवाया तिथं शिकवलं. बांबू न्हाई पुरायचा."

वळण घेतलं तर पाणीच दिसेना. काठापासून काठापर्यंत जलपर्णी. वरून वाहत येऊन तिथे थटली होती, एखाद्या शेतासारखी हिरवीगार. होडी दहा हातांवर अडकली.

"दोन दिस द्या साहेब. कोयत्यानं वाट काढतो. भावाला बी बोलावतो."

"दोन दिवस नाहीत दादा."

"मंग तसं लिवा, की ऱ्हायलं म्हनून."

"बघतो," मी म्हटलं. त्यांनी होडी माघारी वळवली.

शनिवारी घरी बसून मी ती तीन पानं भरली. वरच्या दोराचे आकडे होते, खालचेही होते. मधले काढणं अवघड नव्हतं. अडीच, अडीच, दोन साठ, दोन सत्तर. खात्यात असे अंदाजी आकडे लिहायला मनाई नव्हती. ते लाल शाईने लिहायचे आणि कडेला कारण द्यायचं, एवढंच. लाल शाईची पानं साहेब परत पाठवतील, ही मला भीती. मी निळ्या शाईने लिहिलं. खाली दौलतदादांची सही आधीपासून होतीच, वरची रेघ लांब ताणलेली. डोहाचं ते बोलले होते हे मला लिहिताना आठवत होतं. विसरलो असतो तर आज एवढं लिहावं लागलं नसतं.

माझी बदली झाली. पुढच्या वर्षी त्याच जागी नदीखालून मोठा नळ न्यायचं ठरलं आणि तळाला भोकं पाडून पाहणारं यंत्र तराफ्यावर चढवून आणलं. आमच्या वहीत अडीच मीटर, म्हणून नांगराचे दोर तेवढ्या बेताने घेतलेले. डोहावर आल्यावर नांगर तळाला लागलाच नाही. तराफा धारेत वाहिला, खडकाला आपटून कलंडला, यंत्र डोहात गेलं आणि दोन माणसं पाण्यात. काठावर दौलतदादा होते. त्यांनी काहील लोटली आणि दोघांना बाहेर काढलं. एकाचा पाय मोडला होता. जीव वाचले, ही त्यांची कृपा.

चौकशी झाली. एका टेबलामागे दोन अधिकारी, पुढ्यात माझी वही. मला विचारलं, "हे आकडे कोणी सांगितले?"

मी म्हटलं, "पद्धत अशी आहे, की खोली होडीवाला सांगतो आणि आम्ही लिहितो."

यात एकही शब्द खोटा नव्हता. आयुष्यात मी एवढं खोटं दुसरं काही बोललो नाही.

दौलतदादांना आत बोलावलं. ते दाराशी वहाणा काढून आले. अधिकाऱ्यांनी पान पुढे केलं. "ही सही तुमची?"

त्यांनी वाकून बघितलं. "व्हय. माझीच हाय."

"वर खोली अडीच मीटर लिहिली आहे."

"अडीच?" सवयीने त्यांनी आकडा परत म्हटला.

"अडीच."

त्यांनी "बरं" म्हटलं नाही. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. होडीत माझ्याकडून आकडा परत यायला उशीर झाला की ते ज्या नजरेने थांबायचे, त्याच नजरेने. मी पुढ्यातल्या दौतीकडे बघत राहिलो. तेवढा वेळ खूप होता. "साहेब, त्या दिवशी आमची होडी डोहापर्यंत गेलीच नाही," हे म्हणायला जेवढा लागतो, त्याच्या दसपट होता.

"आणखी काही सांगायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"न्हाई," दौलतदादा म्हणाले. "सही माझी हाय."

त्यांना कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी खात्याचं सामान परत करायला ते आले, तेव्हा मी व्हरांड्यात होतो. ओळंबा माझ्या हातात देत म्हणाले, "गाठी मोजून घ्या. पुऱ्या हायेत." मी मोजल्या नाहीत. ते वळले आणि गेले. काम गेल्याचं दुःख त्यांना किती होतं, मला माहीत नाही. मासे होते, होडी होती. पण गावात जे झालं ते मला नंतर कळलं. मांजरीच्या पारावर पोरंसोरं म्हणायची, "ज्याला आपल्या गावचा डोह ठावं न्हाई, त्यो भोई कसला!" बापाने ज्या पाण्यात पोहायला शिकवलं, त्या पाण्याची खोली चुकीची सांगितली, असं त्यांच्या नावावर लागलं होतं. पुढे नवी मोजणी झाली, डोह नकाशावर आला. जुन्या पानांवरची सही मात्र कोणी खोडली नाही.

मी आराखड्याच्या विभागात निवृत्तीपर्यंत होतो. खुर्ची चांगली होती, खिडकीतून नदी दिसत नसे.

निवृत्तीनंतर मांजरीची बस मी कितीदा धरली असेल, सांगता येत नाही. बहुतेक वेळा हडपसरला उतरून परत आलो. एकदा पोचलो. दौलतदादा घरापुढे जाळं विणत बसले होते. उसाच्या जागी मागे उंच इमारती आलेल्या. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"साहेब! लई वाळला. सूनबाई, च्या टाका. साहेब आल्यात पुन्याचं." चहा झाला. माझ्या मुलांची, गुडघ्यांची चौकशी झाली. मग म्हणाले, "चला, डोहावर जाऊ."

काहील तीच होती की दुसरी, विचारलं नाही. दोघे म्हातारे तिच्यात कसेबसे बसलो. पाण्याला वास येत होता, जलपर्णी काठाला चिकटून होती, मध्ये मोकळं काळं पाणी. दौलतदादांनी फडक्यातून ओळंबा काढला. खात्याचा नव्हे, त्यांनी स्वतः केलेला. दोरी सोडली. ती जात राहिली, जात राहिली. मग त्यांनी बोटांनी गाठी मोजल्या आणि मोठ्याने म्हणाले, "साडेआठ!"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "साडेआठ."

"बरं," ते म्हणाले.

आणि थांबले. दोरी हातात धरून माझ्याकडे बघत थांबले. मी तेवढ्यासाठीच तिथवर गेलो होतो. शब्द मी बसमध्ये बसून पाठ केले होते. काहील संथ फिरत होती, एकदा त्यांच्यामागे गाव यायचं, एकदा इमारती. मी म्हटलं, "पाणी फार घाण झालं हो दादा."

"व्हय," ते म्हणाले. "झालं खरं." आणि दोरी ओढून घ्यायला लागले.

पुन्हा येतो म्हणून निघालो. पुन्हा गेलो तो गेल्या माघात, त्यांच्या दहाव्याला. नदीकाठीच विधी होता. त्यांचा मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुझ्या आबांची सही फार सुंदर होती. वरची रेघ आधी ओढायचे."

मुलगा माझ्याकडे वळला. "आबांना सही येत व्हती? न्हाई काका, दुसरं कुनी असंल. आबा बँकेत, तलाठ्याकडं, समदीकडं अंगठाच द्यायचे. आमी तर हसायचो त्यांना."

पिंडाला कावळा शिवेपर्यंत बसलो आणि बस धरून घरी आलो.

आमच्या कामात आकडा सांगितला, पलीकडून परत आला, "बरं" ऐकलं, की मग लिहायचं असे. हे मी "बरं" न ऐकताच लिहितो आहे. दुसऱ्यांदा. पण या वेळी सही माझी आहे, आणि शाई लाल घेतली आहे. छापताना ती काळी होईल, त्याला इलाज नाही.

दौलतदादा, त्या शुक्रवारी आपण डोहापर्यंत गेलोच नव्हतो. तुम्ही मला डोह सांगितला होता. अडीच तुम्ही म्हटलं नव्हतं, मी लिहिलं. मला क्षमा करा.